घरची भाषा : इंग्रजी

अभ्यासात अडणाऱ्या मुलांना आणि त्यांच्या पालकांना मी भेटते. या मुलाच्या तिसऱ्या भेटीला आईऐवजी आजी आल्या. मुलगा खुर्चीत वाकडा बसला, तशा त्या हळूच म्हणाल्या, "सिट स्ट्रेट, बाळ." मग माझ्याकडे बघून ओशाळल्यासारखं हसल्या. वडोदऱ्याच्या दांडिया बाजारात आयुष्य गेलेल्या, मराठी नि गुजराती दोन्ही घडाघडा बोलणाऱ्या बाई. त्या नातवाशी इंग्रजीत का बोलतायत, ते विचारलं तेव्हा उलगडा झाला. पालकसभेत शाळेने "घरी फक्त इंग्रजी बोला" असं बजावलं होतं, आणि सात महिने घरात तोच नियम होता. आजींना येणारी इंग्रजी वाक्यं दहा-बारा. नातवाशी तेवढंच बोलणं.

माझ्या पहिल्या भेटीच्या फॉर्मात 'घरी बोलली जाणारी भाषा' असा रकाना आहे. आईने त्यात 'इंग्रजी' लिहिलं होतं. माझ्याशी मात्र ती सगळं मराठीतून बोलत होती, आणि तरी मी तो रकाना वाचून पुढे गेले.

मुलगा चौथीत, इंग्रजी माध्यम. श्रुतलेखनाच्या दिवशी पोट दुखतं, रविवारी नाही. शाळेचा शेरा 'स्लो लर्नर'. हा शब्द वर्गशिक्षिका इतक्या सहज वापरतात की मी तो आता वाचतच नाही. पोटासाठी बालरोगतज्ज्ञ आणि डोळे-कान तपासणी, हे सगळं आधीच करून घेतलं होतं. डोळे तपासताना एकेक डोळा झाकून बघायला सांगावं लागतं, कारण दोन्ही उघडे ठेवून तपासलं तर एका डोळ्याचा कमकुवतपणा निसटतो. याचं सगळं ठीक निघालं.

या मुलापुढे लिप्या तीन. इंग्रजी, हिंदीसाठी देवनागरी आणि गुजराती, जी 2023च्या कायद्यानंतर गुजरातमधल्या सगळ्या शाळांना पहिली ते आठवी शिकवावी लागते. गुजरातीला डोक्यावर रेघ नाही. देवनागरीत 'ध' आणि 'भ' यांची रेघ डावीकडे तुटलेली, 'घ' आणि 'म' यांची सलग. ज्याची नजर रेघेकडे जातच नाही, तो 'धन'चं 'घन' आणि 'भारी'चं 'मारी' वाचणारच. त्यात गुजरातीत दोनचा आकडा आणि 'र', पाचचा आकडा आणि 'प' जवळपास सारखे दिसतात. त्याच्या वहीतल्या निम्म्या लाल खुणा इथल्या होत्या. पण हे एकेका अक्षराचं झालं, त्यावर इलाज होतो. दुसरीच्या पातळीचा शंभर शब्दांचा इंग्रजी उतारा वाचायला दिला, तर एकोणीस चुका. पाचपर्यंत चुका असतील तर मूल एकटं वाचू शकतं, दहापर्यंत मदतीने, त्यापुढे तो उतारा त्या मुलासाठी नाहीच. आईने पिशवी भरून आणलेली तिन्ही सरावपुस्तकं चौथीच्या पातळीची होती. मोबाइलवरची ॲप्स चार पर्यायांतून एक दाबायला लावतात. डोळे मिटून दाबलं तरी चारात एकदा बरोबर येतं, वर चांदणी मिळते.

त्या दिवशी आजी समोर होत्या म्हणून मी पर्यावरणाचा बाष्पीभवनाचा धडा मराठीत सांगितला. पुस्तक मिटलेलं. मग विचारलं, पावसाळ्यात कपडे लवकर का वाळत नाहीत? तो म्हणाला, "हवेत आधीच पाणी भरलेलं असतं ना. म्हणून आजी गॅसजवळ दोरी बांधते." या धड्याच्या चाचणीत त्याला वीसपैकी तीन गुण होते. आजी पदर सावरत खिडकीबाहेर बघायला लागल्या.

त्या संध्याकाळी आईला फोन करून बेत बदलला. मराठी लगेच सुरू. वर्गात धडा शिकवण्याच्या आदल्या रात्री आजींनी तो मराठीत सांगायचा, मग त्यातले सात-आठ इंग्रजी शब्द आईने. वाचन रोज पंधरा मिनिटं, जेवणाआधी. साठेक शब्दांचा तुकडा, चार दिवस तोच. आधी आईने शब्दाखाली बोट फिरवत वाचायचं, मग दोघांनी मिळून, मग त्याने एकट्याने. अडला तर मनात पाच मोजायचे आणि शब्द सांगून टाकायचा. मधे टोकायचं नाही, वाक्य संपू द्यायचं. बहुतेक घरी हे मोडतं ते दुसऱ्या दिवशी. "तेच तेच काय वाचायचं" म्हणून पालकच तुकडा बदलतात, आणि सराव होण्याआधीच परीक्षा सुरू होते. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर एकच गोष्ट बऱ्याचदा मराठी, गुजराती आणि इंग्रजीत फुकट मिळते. आजींनी मराठीतली वाचून दाखवायची, दुसऱ्या दिवशी इंग्रजीतली त्याने. आई फोनवर रडली म्हणून टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा नंबर तिला दिला. मुलासाठी नव्हे, तिच्यासाठी.

शाळेला पत्र लिहिलं. 2020च्या शैक्षणिक धोरणात शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावं असं म्हटलंय, तेही त्यात घातलं. उत्तर एका ओळीचं आलं : शाळेचं धोरण इंग्रजी माध्यमाचं आहे. मी शाळेचं माध्यम बदला असं कुठे म्हटलं होतं?

सहा आठवड्यांनी तशाच दुसऱ्या उताऱ्यात चुका बारा. म्हणजे अजून दहाच्या वरच. वाचन-अक्षमता आहे की नाही, हे मी आत्ता सांगणार नाही. सात महिने घरात गप्प राहिलेल्या मुलाची चाचणी घेऊन काय मोजायचं? पोटदुखी आठवड्यातून एकदा येते, पूर्वी दोनदा यायची.

फॉर्मातला रकाना बदललाय. आता विचारते, "रात्री मूल घाबरून उठलं तर कोण समजावतं, आणि कुठल्या भाषेत?" परवा त्याच आजींचा फोन आला. त्याला 'टू टू जा फोर' म्हणताना सातच्या पुढे अडायला होतं, तर 'बे एके बे' शिकवलं तर चालेल का? मी हो म्हटलं. "पण मॅडम," त्या म्हणाल्या, "शाळेत कळलं तर?"