पाणी कुठपर्यंत आलं होतं?

शनिवारी परिपाठ झाला की सातवीची मुलं बाकं ओढून भिंतीला लावतात. आमची बाकं लोखंडी पायांची, जड. गेल्या वर्षी पहिल्याच शनिवारी तो आवाज ऐकून खालच्या वर्गातल्या बाई काय पडलं म्हणून धावत वर आल्या होत्या. मधे जी जागा मोकळी होते तिच्यात चौतीस मुलं, कॉलेजची चार पोरं आणि मी खांद्याला खांदा लावून गोल करून बसतो. मी बसते मुलांच्या मधे, फळ्याकडे पाठ करून.

ही जागा सापडायला मला बरीच वर्षं लागली, म्हणून आज सविस्तर लिहिते आहे.

मी पुण्यात दांडेकर पुलाजवळच्या महापालिकेच्या शाळेत सोळा वर्षं गणित आणि विज्ञान शिकवते. शाळा सातवीपर्यंत. डी.एड.ला असताना शिक्षणाचे प्रकार पाठ केले होते: औपचारिक, अनौपचारिक, सहज. पाच मार्कांचा प्रश्न हमखास यायचा. अनौपचारिक म्हणजे शाळेबाहेरचं, शाळा सुटलेल्यांसाठीचं, असं डोक्यात पक्कं बसलं. त्यात खोटं काही नव्हतं. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८५५ मध्ये पुण्यात कष्टकऱ्यांसाठी रात्रशाळा काढली ती अशीच होती. शिक्षणतज्ज्ञ चित्रा नाईकांनी १९७९च्या सुमारास पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांत, दिवसा काम करणाऱ्या मुलांसाठी संध्याकाळचे वर्ग चालवले, आणि शिकवणारी माणसं त्या-त्या गावातलीच घेतली. मुलाला शाळेच्या वेळेत येता येत नाही ना, मग शाळेनं त्याच्या वेळेत जावं. पण जी मुलं रोज वेळेवर शाळेत येतात, हजेरीपटावर आहेत, तरी वर्गात कुठेच नसतात, त्यांच्यासाठी याच रीतीचा काही उपयोग आहे का, हा प्रश्न मला तेव्हा पडला नव्हता.

उपक्रम तर आमच्याकडे आधीही यायचे. एकदा एका संस्थेची वीसेक मुलंमुली आली, सगळ्यांचे एकसारखे टी-शर्ट. त्यांनी दोन तास मैदानावर खेळ घेतले, गाणी म्हटली, मुलं खरोखर खूश होती. फोटो झाले, चॉकलेटं वाटली, अकराला सगळे गेले. त्या दोन तासांत मी स्टाफरूममध्ये ऑनलाइन माहिती भरत बसले होते. वर्ग त्यांच्या ताब्यात दिला की आपला तास मोकळा, असंच मी धरून चालले होते. पुढे तीन आठवडे एक मुलगी रोज विचारायची, "बाई, ती निळ्या ओढणीची ताई कधी येणार?" मला त्या ताईचं नावही माहीत नव्हतं. त्या मुलीला मी काय उत्तर दिलं ते आठवलं की अजून वाईट वाटतं. मी म्हटलं होतं, "येईल गं, बस जागेवर."

म्हणून २०२४च्या जूनमध्ये एका कॉलेजच्या एनएसएसच्या (राष्ट्रीय सेवा योजनेच्या) मॅडम विचारायला आल्या तेव्हा मी आधीच सांगितलं: वीस जण नकोत, चार द्या. दर वेळी तेच चार. आणि वर्ग मी सोडणार नाही, मी आतच असणार. एनएसएसच्या मुलांना वर्षाला १२० तास काम करायचं असतं. त्यातले काही तास एकाच वर्गाला देता येतील का, एवढाच प्रश्न होता. मॅडमना ते पटलं. शनिवारही सोयीचा होता, कारण त्याच वर्षीपासून पहिली ते आठवीला 'आनंददायी शनिवार' हा सरकारी उपक्रम सुरू झाला होता आणि त्यात काय घ्यायचं याचा विचार सगळ्याच शाळांत चालला होता.

जुलैत दोन दिवस आम्ही तीन शिक्षिका आणि ती चार पोरं एकत्र बसलो. मला वाटलं होतं, आम्ही त्यांना वर्ग कसा सांभाळायचा ते सांगू आणि ते आम्हाला खेळ शिकवतील. मॅडमनी पहिल्याच तासाला आम्हाला उभं केलं. सगळ्यांनी हात पुढे करून समोरच्या कुणाचेही हात धरायचे आणि मग न सोडता तो गुंता सोडवायचा. आम्ही घामाघूम झालो, शेवटी सुटला. सुटल्यावर आम्ही बसायला निघालो तर मॅडम म्हणाल्या, खेळ आत्ता सुरू होतोय. काय झालं ते सांगा.

आमच्यातल्या सगळ्यात ज्येष्ठ बाई, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेल्या, बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "कुठला हात काढला की सुटेल ते मला मघाशीच दिसत होतं. पण सगळे एवढ्या जोरात बोलत होते की मी म्हटलं, असेल त्यांना ठाऊक." आणि थोडं थांबून म्हणाल्या, "माझ्या वर्गात अशी किती असतील?"

मला ही रीत तिथे कळली. आधी करायचं, मग काय झालं ते प्रत्येकानं आपल्या तोंडानं सांगायचं, ते तसं का झालं ते सगळ्यांनी मिळून शोधायचं, आणि पुढच्या वेळी काय वेगळं करू ते ठरवायचं. नुसता खेळ घेऊन उठलो तर ती मधली सुट्टी. नंतरची वीस मिनिटं हेच खरं शिक्षण, आणि आमच्याकडे वेळ कमी पडला की पहिल्यांदा कापली जातात तीच वीस मिनिटं.

आम्ही आठ शनिवारांचं नियोजन कागदावर केलं. ते कागदावरच राहिलं, कारण २५ जुलैला पुण्यात पाऊस झाला. खडकवासल्यातून पाणी सोडलं, सिंहगड रोडला एकतानगरीत घरांत पाणी शिरलं, शाळांना सुट्टी दिली. शाळा भरल्यावर मुलांच्या तोंडी दुसरं काही नव्हतं. आमची मुलं २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री दुसरीत होती. त्या रात्री आंबिल ओढ्याच्या पुरानं दांडेकर पुलापासून अरण्येश्वर, सहकारनगरपर्यंत जे केलं ते त्यांनी झोपेतून उठून पाहिलेलं आहे. मी आणि त्या चौघांनी ठरवलं, कागद बाजूला ठेवायचा. मुलांना विचारायचं, त्यांना काय शोधायचं आहे.

मुलांनी एकच प्रश्न निवडला: पाणी कुठपर्यंत आलं होतं?

आठ-आठ, नऊ-नऊचे गट वस्तीत गेले. प्रत्येक गटाबरोबर एक ताई किंवा दादा, आणि मी कधी या गटात, कधी त्या. परत आले ते भांडतच. शेजारशेजारच्या दोन घरांत एका घरी उत्तर मिळालं 'कंबरेपर्यंत', दुसऱ्या घरी 'छातीपर्यंत'. कुणीतरी खोटं सांगतंय असं एका गटाचं ठाम मत. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं होतं. सोळा वर्षांची सवय आहे ती. दादानं माझ्याकडे बघितलं आणि मी गप्प राहिले. पाच मिनिटं गेली असतील. मग मागून एक मुलगी म्हणाली, "पण आजी वाकलेली आहे. तिची कंबर आणि त्या काकांची कंबर एक कशी?"

एकक प्रमाणित का असावं लागतं हे मी दर वर्षी शिकवते. वीत, हात, पाऊल, मग मीटर. मुलं टिचकी वाजवल्यासारखं उत्तर देतात आणि विसरतात. त्या दिवशी त्यांनी ते स्वतः शोधलं. पुढच्या शनिवारी जाताना त्यांनीच ठरवलं की माणसाला शब्दांत विचारायचंच नाही. त्याला भिंतीवर हात ठेवायला सांगायचं, तिथे खडूनं रेघ मारायची आणि टेपनं मोजायचं.

मोजलं, तरी आकडे जुळेनात. कुणाचा ओटा उंच, कुणाचा सखल, गल्ली उताराची. इंजिनिअरिंगला असलेला दादा लेव्हलबद्दल सांगू लागला, फळ्यावर आकृती काढली. तो सांगत असताना एक मुलगा उठून उभा राहिला. वाचताना हा मुलगा ओळ सोडतो, म्हणून वर्गात कधी हात वर करत नाही. तो म्हणाला, "दादा, हे पाणसळीचं आहे ना? माझे पप्पा करतात."

त्याचे वडील गवंडी. पुढच्या शनिवारी कामाला खाडा करता येणार नव्हता, म्हणून ते सकाळी सातलाच आले, कामावर जायच्या आधी. बरोबर पारदर्शक प्लॅस्टिकचं पाइप. त्यात पाणी भरून दोन टोकं दोन मुलांच्या हातात दिली. पाइप कितीही वेडंवाकडं असो, दोन्ही टोकांना पाणी एकाच उंचीवर थांबतं. सातवीच्या मुलांसमोर बोलायचं म्हणून ते पहिल्यांदा संकोचले होते. पण मुलानं पाइपाचं टोक ज्या सराईतपणे धरलं, अंगठा लावून, हळूहळू सोडत, ते पाहून मी त्याला कधीच ओळखलं नव्हतं हे मला कळलं. ते अर्ध्या तासात निघून गेले. पुढचे दोन शनिवार सगळ्या गल्लीची लेव्हल त्यांचा मुलगा घेत होता आणि इंजिनिअरिंगचा दादा त्याच्या हाताखाली आकडे लिहीत होता.

सरासरी, स्तंभालेख, प्रमाण घेऊन नकाशा, हे सगळं त्यातूनच झालं. पाठ्यपुस्तकाचे तीन घटक मला वेगळे शिकवावे लागले नाहीत. पर्यवेक्षकांना दाखवताना मी घटकांचे क्रमांकही लिहून दिले, कारण अभ्यासक्रम बुडतो ही शंका रास्त आहे आणि तिला उत्तर द्यायलाच हवं.

एक चूक झाली, ती माझी. ऑगस्टच्या शेवटी एका ताईनं गोलात विचारलं, "त्या रात्री तुम्हाला कसं वाटलं?" एकेक जण बोलत होता. एका मुलीचा नंबर आला आणि ती थिजली. तिच्या घरात त्या रात्री काय झालं ते मला माहीत होतं. ताईला माहीत नव्हतं, माहीत असणं शक्यच नव्हतं. तिला ते आधी सांगणं माझं काम होतं. मी उठून मुलीला पाणी प्यायला बाहेर नेलं. आम्ही जिन्यात बसलो, दोघीही काही बोललो नाही.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर आम्ही दीड वाजेपर्यंत बसलो. ती ताई रडली. दोन गोष्टी ठरल्या. गोलात कुणालाही 'पुढे' म्हणता येईल, कारण विचारलं जाणार नाही. आणि प्रत्येक शनिवारच्या आधी प्रश्न मला दाखवायचे. तरुण मुलं जे आणतात ते माझ्याकडे नाही. त्यांच्याशी मुलं ज्या मोकळेपणानं बोलतात तसं माझ्याशी बोलत नाहीत, कारण शेवटी प्रगतिपत्रकावर सही माझी असते. पण कुठल्या घरात कोणता प्रश्न विचारायचा नाही हे त्यांना ठाऊक नसतं, आणि सोमवारी ते नसतात. सोमवारी मी असते. शिक्षकाला बाहेर ठेवून स्वयंसेवकांनी हे करावं याला माझा विरोध आहे, आणि तो त्या जिन्यातला आहे.

दिवाळीनंतर मी विधानसभा निवडणुकीच्या कामात अडकले. कॉलेजच्या मुलांची परीक्षा. आठ शनिवार तोवर झालेच होते, आणि आठच होणार हे पहिल्या दिवशी फळ्यावर तारखांसह लिहून ठेवलेलं होतं. निळ्या ओढणीची ताई मी विसरले नव्हते. निरोपाला मुलं हिरमुसली, पण फसवल्यासारखं कुणाला वाटलं नाही. मी परतले तेव्हा मुलं शनिवारी बाकं ओढून गोल करून बसली होती. त्या ज्येष्ठ बाई त्यांच्यात होत्या.

३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती. दर वर्षी पाठ केलेली भाषणं होतात. मी मुलांना मुक्ताबाई साळवेची गोष्ट सांगितली: फुल्यांच्या शाळेत, याच पुण्यात शिकणारी चौदा वर्षांची मुलगी, तिनं आपल्या लोकांच्या दुःखाबद्दल स्वतः निबंध लिहिला आणि तो १८५५ मध्ये 'ज्ञानोदय' या नियतकालिकात छापून आला. कुणी लिहून दिलेलं तिनं म्हटलं नव्हतं. दोन दिवसांनी जिन्यातली ती मुलगी दीड पान घेऊन आली. वाचू का, म्हणाली. मी विचारलं, सगळ्यांसमोर? ती म्हणाली, "हो. पण मधे कुणी काही विचारायचं नाही." तिनं वाचलं. कुणी काही विचारलं नाही.

वर्णनात्मक नोंदी म्हणजे काय ते शिक्षकांना सांगायला नको. प्रत्येक मुलाबद्दल चार ओळी, आणि वेळ नसला की छापील पुस्तिकेतून उतरवलेल्या: 'गटकार्यात सहभाग घेतो', 'प्रश्न विचारतो'. गेल्या वर्षी मी पहिल्यांदा पुस्तिका उघडली नाही. त्या मुलाच्या नावापुढे लिहिलं: 'पाणसळीनं गल्लीची पातळी काढतो. इतरांना शिकवताना आवाज चढवत नाही. मोठ्यानं वाचताना ओळ सुटते. नकाशावरची नावं वाचताना सुटत नाही.' शेवटचं वाक्य लिहिताना मला त्याला वाचायला कसं शिकवायचं ते समजलं. मार्चपर्यंत आम्ही नकाशे, पाट्या, बिलं वाचत होतो.

यंदा चारांतले दोन परत आले आहेत, दोन नवे. परवाचा शनिवार नेमका १२ जुलै होता, पानशेतचं धरण फुटलं ती तारीख. शेजारच्या गल्लीतल्या एक आजी १९६१ साली दहा वर्षांच्या होत्या, नारायण पेठेत राहायच्या. त्यांना वर्गात बोलावलं होतं. नव्या सातवीनं त्यांना पहिलाच प्रश्न विचारला, पाणी कुठपर्यंत आलं होतं. आजी उठल्या आणि भिंतीवर हात ठेवायला गेल्या, पण हात पुरेना. म्हणाल्या, याच्याही वर, माडीच्या जिन्यात.

तो मुलगा आता आठवीला दुसऱ्या शाळेत जातो. पण पाइप घेऊन आला होता, सांगितलं नव्हतं तरी. नवीन ताईनं घाईनं पाणी भरून टोक वर धरलं तेव्हा त्यानं पाइप हातातून काढून घेतलं आणि नखानं टिचक्या मारायला लागला.

"ताई, बुडबुडा आधी काढायचा," तो म्हणाला. "नाहीतर लेव्हल चुकते."