आईची मान आणि सहावा सेल

मंगळवार, रात्रीचे साडेदहा. पाऊस थांबायचं नाव घेईना.

आज घरात माझी पार शोभा झाली. दुपारी वहिनीचा मेसेज आला तेव्हा मी ऑफिसात होतो, समोर ब्रेल डिस्प्ले, म्हणजे माझ्यासारख्या अंधाला कॉम्प्युटरवरची अक्षरं ठिपके वर उचलून बोटांनी वाचायला देणारं यंत्र, आणि कॉम्प्युटरचा आवाज बंद (हे माझं नवीन फॅड, हेडफोन लावला की शेजारच्या टेबलावरचं काही ऐकू येत नाही आणि मग लोक याला हाक मारून उपयोग नाही असं धरूनच चालतात, त्यापेक्षा कान मोकळे ठेवून बोटांनी वाचलेलं बरं). मेसेज नोटपॅडात टाकला, बोट फिरवलं, "आईची कान लई दुखत्या, येताना औषध आणा भाऊजी". आता 'आईची कान' म्हटल्यावर तिथंच शंका यायला पाहिजे होती की नाही? पण वहिनी घाईत कसंही टाईप करते म्हणून सोडून दिलं, आणि शाहूपुरीतनं येताना मेडिकलमधनं कानात घालायचे थेंब घेऊन भिजत घरी आलो.

आई म्हणाली, "कान न्हवं रं, मान! मान धरल्या माझी सकाळधरनं." पुतणी हसून हसून लोळली.

जेवण झाल्यावर तीच ओळ परत उघडली आणि एकेक सेल, म्हणजे एकेका अक्षराचं ठिपक्यांचं घर, तपासला. ब्रेलमध्ये प्रत्येक ठिपक्याला, म्हणजे डॉटला, नंबर असतो, म म्हणजे १-३-४ आणि क म्हणजे १-३, मधल्या फरकाला एकच डॉट, ४ नंबरचा. आ, ई, च, ई, मग मोकळी जागा, आणि सहाव्या सेलात मानेतला म. माझ्या डिस्प्लेच्या सहाव्या सेलातला ४ नंबरचा डॉट वर येत नाहीय! दमटपणा म्हणा, धूळ म्हणा, नाहीतर माझीच बोटं, दुपारी डबा खाल्ल्यावर हात नीट पुसत नाही हे मला कबूल आहे. आणि ४ नंबरचा डॉट जाणं म्हणजे मराठीला जास्तच वाईट, कारण भारती ब्रेलमध्ये (भारतीय भाषांचं ब्रेल) जोडाक्षराची खूण म्हणजे एकटा ४, तो नेमका सहाव्या सेलात आला तर सेल कोराच लागणार आणि शब्द मधूनच तुटल्यासारखा वाटणार.

डिस्प्ले सेकंडहँड आहे, पुण्याच्या एका मित्राकडनं घेतलेला, २० सेलचा. प्रत्येक सेलात आठ डॉट, वरचे सहा आपल्या नेहमीच्या ब्रेलचे, खालचे ७ आणि ८ कर्सर दाखवायला. आत पिझोच्या पट्ट्या असतात, त्यांना साधारण दोनशे व्होल्ट मिळाले की वाकतात आणि बारीक पिन वर ढकलतात. एवढ्या नाजूक वस्तूला लाख-दोन लाख पडतात आणि सॉफ्टवेअर मात्र फुकट, असली उलटी गंमत. एनव्हीडीए, म्हणजे स्क्रीनवरचं बोलून नाहीतर ब्रेलमध्ये सांगणारा माझा स्क्रीन रीडर, २००६ मध्ये ऑस्ट्रेलियात मायकेल करन या स्वतः अंध असलेल्या पोरानं चालू केला, आणि आज मी तो पेनड्राईव्हवर टाकून कुणाच्याही कॉम्प्युटरला लावतो, इन्स्टॉल करायलासुद्धा लागत नाही. पण अडकलेला डॉट काही तो उचलून देत नाही.

तरी डिस्प्ले सोडवत नाही. कारण सांगायला थोडी लाज वाटते. शाळेत ब्रेल पाटीवर उजवीकडनं डावीकडं उलटं टोचत शिकलो तेव्हा माझं शुद्धलेखन वर्गात पहिलं होतं, मग कॉम्प्युटर आला, स्क्रीन रीडर आला, आणि दहा-बारा वर्षं मी नुसतं ऐकलं. ईस्पीकचा, म्हणजे त्यातल्या बोलणाऱ्या सॉफ्टवेअरचा, आवाज इतका फास्ट ठेवलेला की घरच्यांना मधमाश्या घोंगावल्यासारखं वाटतं, मला सगळं कळायचं, फक्त अक्षरं दिसायची बंद झाली. गेल्या वर्षी पुतणीच्या निबंधाला मदत करताना मी सगळीकडं 'पुर' टाईप केलेलं आणि चौथीतली पोरगी मला म्हणते, "काका, पूर दीर्घ असतोय की, मी लिहितो थांब." (आमच्याकडं पोरीसुद्धा 'मी लिहितो'च म्हणतात, बाहेरच्यांनी दचकू नये.) कानाला त्या वेगात पुर काय आणि पूर काय, एकच. बोटाला मात्र उ म्हणजे १-३-६ आणि ऊ म्हणजे १-२-५-६, चुकायची सोय नाही. आणि ब्रेलमध्ये पहिली वेलांटीसुद्धा उच्चाराप्रमाणं अक्षराच्या नंतरच येते, आधी काढून ठेवायची भानगड नाही.

हे सगळं मराठीचं ब्रेल करून देतं ते लिबलुई नावाचं सॉफ्टवेअर. नाव लुई ब्रेलवरनं. २००२ मध्ये ते चालू करणारे जॉन बॉयर यांना दिसतही नव्हतं आणि ऐकूही येत नव्हतं, म्हणजे बोलणारा कॉम्प्युटर त्यांच्या काय कामाचा, जे काय ते बोटांनीच. मी एकदा रिकामटेकडेपणानं त्यातल्या देवनागरीच्या फाईली उघडून बसलो. मला वाटलेलं काहीतरी भयंकर प्रोग्रॅमिंग असेल, पण साध्या टेक्स्ट फाईली निघाल्या, एकेका ओळीत अक्षराचा युनिकोड नंबर (कॉम्प्युटर अक्षर ओळखतो तो) आणि पुढं डॉटचे आकडे. ०९३३ आणि ४५६, म्हणजे आपला ळ. ती ओळ मी त्याच डिस्प्लेवर चार-पाचदा वाचली. आपल्याला ळ कसा लागावा हे जिथं लिहून ठेवलंय तिथंच बोट टेकवून बसायचं, आणि पटलं नाही तर कुणीही बदल सुचवायचा! आमच्या गल्लीतल्या गटाराचं एवढं सोपं असतं तर बरं झालं असतं.

तर आत्ता. कोल्हापुरात पंचगंगेची पातळी वाढत्या आणि ग्रुपवर रोज संध्याकाळी तक्ता येतो, तो फोटो करून. एनव्हीडीए म्हणणार 'ग्राफिक', विषय संपला. चार ओळी टाईप करायला कुणाचं काय जातंय कळत नाही, पुराच्या दिवसात ही माहिती आम्हाला नको असते असं थोडंच आहे. मग टेसरॅक्ट. तेही ओपन सोर्स, मूळ एचपी कंपनीतलं, २००५ ला खुलं केलेलं. कमांडमध्ये मराठीसाठी एम-ए-आर लिहायचं, एंटर मारायचा आणि फोटोतली अक्षरं टेक्स्ट फाईलमध्ये येतात. आकड्यांवर माझा भरवसा नसतो, म्हणून पुतणीला फोटोतनं वाचायला लावलं आणि मी बोटाखाली बघत गेलो. जुळले.

आकडा बरोबर सहाव्या सेलात येत होता, तर पुढं स्पेस मारून सरकवून घेतला.

आई पलंगावर मानेला शेक घेत पडलेली. "राजाराम बंधाऱ्याला किती रं?"

"सदतीस फूट."

"इशारा एकोणचाळीसला न्हवं? हाय मग अजून दोन फूट," म्हणाली आणि कूस बदलताना परत ओरडली.

थेंब मेडिकलवाला परत घेतोय का उद्या विचारायला पाहिजे.