मॉडेल म्हणे दुष्काळ, काका म्हणे ताण

डिसेंबर संपत आला होता, सकाळी चहा घेत होतो आणि फोनवर अलर्टवर अलर्ट यायला लागले. काटोलकडच्या बागेतल्या बारापैकी अकरा झाडांवर लाल ठिपका! आमचं काम असं की संत्र्याच्या खोडाला डेंड्रोमीटर लावतो, म्हणजे एक स्प्रिंगवाली दांडी, ती खोडाची जाडी सारखी मोजत राहते. दिवसा पानं जेवढं पाणी उडवतात तेवढं मुळांना पुरवता येत नाही, म्हणून खोड किंचित आकसतं आणि रात्री परत फुगतं. सगळा खेळ मायक्रॉनचा, डोळ्याला काही दिसत नाही. पण तीन-चार रात्री खोड पुरतं भरलंच नाही की आमचं कॉम्प्युटरवरचं मॉडेल झाड तहानलंय म्हणून बोंब मारतं.

बाग ज्यांची त्या काकांना फोन लावला, उचलेनात. मोटर जळली असेल, बोअर आटला असेल, काय काय डोक्यात आलं, तसाच गाडी काढून निघालो.

काका बांधावर निवांत तंबाखू मळत बसलेले. म्हटलं काका, झाडं वाळून राहिली ना तुमची! तर हसलेच.

"काऊन घाबरून रायले भाऊ, आंबियाचा ताण हाय हा. पाणी मीच तोडलं."

लाज वाटली, खरं सांगतो. नागपूरचा माणूस मी. आंबिया बहारासाठी डिसेंबरात पाणी तोडतात, झाडाची वाढ थांबते, मग जानेवारीत पाणी सोडलं की फुटतं ते फुलंच घेऊन, हे लहानपणापासून ऐकलेलं. आणि मॉडेलला आम्ही तापमान, पाऊस, हवेतला दमटपणा, मातीतली ओल सगळं दिलं, ताणाची तारीख तेवढी नाही दिली. त्याच्या लेखी तहान ती तहान.

"अकरा म्हणता, मंग बारावं काऊन नाही?"

म्हटलं सात नंबर एकदम तब्येतीत आहे, हिरवा ठिपका. काकांचं हसू गेलं, तरातरा निघाले.

बाकी झाडांची पानं मलूल, कडा वळलेल्या, आणि सात नंबरवर कोवळी पालवी. बुडाशी हिरवंगार गवत. काकांनी बोट खुपसलं तर चिखल. गव्हाला जाणाऱ्या पाइपाचा जोड बरोबर तिथंच गळत होता. सॅटेलाइटवर हे सापडलंच नसतं, सेंटिनेल-२ चा पिक्सेल 10 मीटरचा आणि झाडं 6 मीटरवर, एकटं झाड कुठून दिसणार? काकांनी सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून जोड आवळला.

त्यानंतर आम्ही ताण सुरू आणि ताण तोडला अशा दोन तारखा ॲपमध्ये घेतल्या, त्या दिवसांत आता लाल झाड गप्प असतं आणि हिरवं झाड अलर्ट देतं. फेब्रुवारीत काकांचा फोन, बाग फुलांनी पांढरी झाली म्हणे, वासानं डोकं भणभणून रायलं.

"अन् सात नंबर?"

"ते? पानंच पानं."