तुम्ही विचारलंत म्हणून: कोयना उपनदी का?

कृष्णा आणि कोयना दोघी महाबळेश्वरच्या पठारावर उगम पावतात, कराडला प्रीतिसंगमावर भेटतात. मग एकीला नदी आणि दुसरीला उपनदी का म्हणायचं? कोयनेचा विषय निघाला की हा प्रश्न येतोच, बहुतेक वेळा थोड्या रागानेच. तो राग मला समजतो.

उत्तर छोटं आहे. संगमानंतर जिचं नाव पुढे चालतं ती मुख्य नदी, जिचं थांबतं ती उपनदी. कराडला तर दोघी जवळजवळ समोरासमोर येतात आणि काटकोनात वळून एकत्र पूर्वेला निघतात. नुसता नकाशा पाहून कोण कुणाला मिळाली हे सांगता येणार नाही. कृष्णेचं नाव बंगालच्या उपसागरापर्यंत जातं, कोयनेचं कराडला संपतं, एवढंच.

पण उपनदी म्हणजे किरकोळ नदी, असा जो समज होतो तो कोयनेला अजिबात लागू नाही. त्यासाठी तिचं खोरं बघायला हवं. सह्याद्रीवरून निघालेल्या देशावरच्या बहुतेक नद्या लगेच पूर्वेची वाट धरतात. कोयना मात्र सह्याद्रीचा कणा उजव्या हाताला आणि बामणोलीची रांग डाव्या हाताला ठेवून साधारण ६५ किलोमीटर दक्षिणेला जाते. वाटेत सोळशी आणि कांदाटी तिला येऊन मिळतात. आज हा सगळा भाग कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाने व्यापलाय, आणि पलीकडच्या कांदाटी खोऱ्यातल्या माणसांना तापोळ्याच्या बाजाराला यायचं तर लाँचच धरावी लागते. धरणाचा हिशेब मांडताना ही माणसं सहसा कुणाला आठवत नाहीत. हेळवाकला नदी एकदम पूर्वेला वळते, पुढे केरा, मोरणा, वांग यांना पोटात घेत कराड गाठते. एकूण लांबी सुमारे १३० किलोमीटर.

खोरं असं अरुंद आणि घाटमाथ्याला चिकटून असल्यामुळे कोकणातून चढून आलेले ढग पहिल्यांदा इथेच रिकामे होतात. पावसाळ्यात कोयनानगर, नवजा, महाबळेश्वर ही तीन नावं रोज बातम्यांत असतात ती यामुळेच. वर्षाला ५००० मिलिमीटर पाऊस तिथे नवलाचा नाही. कोयना धरणाचं पाणलोट क्षेत्र, म्हणजे ज्या भागातलं पावसाचं पाणी धरणात येतं तो भाग, जेमतेम ८९२ चौरस किलोमीटर, आणि धरण १०५ टीएमसीचं (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट पाणी). भीमेवरचं उजनी धरण ११७ टीएमसीचं आहे, पण त्याच्या मागे सुमारे १५ हजार चौरस किलोमीटरचं पाणलोट आहे. भरलेल्या शिवसागराचं पाणी त्याच्याच पाणलोटावर सारखं पसरलं, तर ते तीन मीटरहून जास्त उंच उभं राहील. हा हिशेब मी कुणालाही उत्साहाने करून दाखवतो.

आता दुसरी गोष्ट, जी मला उपनदीच्या वादापेक्षा मोलाची वाटते. पाणलोटाची सीमा म्हणजे डोंगराचा माथा. त्याच महाबळेश्वरला उगम पावणारी सावित्री माथ्याच्या पश्चिमेला उतरते, म्हणून अरबी समुद्राला मिळते. कोयना पूर्वेला उतरते, म्हणून तिचं पाणी बंगालच्या उपसागराचं. पण माणसाने हा माथाच आतून पोखरला. शिवसागराचं पाणी बोगद्यांतून कोकणच्या बाजूला साडेचारशे मीटरहून खाली पडतं, पोफळीला वीज तयार होते आणि तेच पाणी वाशिष्ठीतून चिपळूणमार्गे अरबी समुद्रात जातं. कृष्णेचं पाणी राज्यांमध्ये वाटून देणाऱ्या कृष्णा पाणीतंटा लवादाने यासाठी वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली. धरणाच्या साठवणुकीच्या निम्म्याहून अधिक इतका हा आकडा आहे.

म्हणून प्रीतिसंगमावर उभं राहून कोयना केवढी ते ठरवू नका. उन्हाळ्यात तुम्हाला तिथे दिसतं ते पश्चिमेचा वाटा गेल्यानंतर धरणाच्या पायथ्याच्या वीजगृहातून शेतीसाठी सोडलेलं पाणी, आणि हेळवाकच्या खाली तिच्या स्वतःच्या उपनद्यांनी आणलेलं.