पॅराग्लायडिंगमध्ये मोडलेला घोटा आणि विम्याचं कलम ०९: माझा अनुभव

ज्यांनी आरोग्य विमा काढलाय आणि ज्यांच्या सुट्ट्या डोंगरावर, दोरावर नाहीतर हवेत जातात, त्यांनी आज पॉलिसी उघडून त्यातलं ०९ क्रमांकाचं वगळणुकीचं कलम वाचावं. २०१९ साली आयआरडीएआयने, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, या कलमाचा मजकूर ठरवून दिला, त्यामुळे कंपन्या वेगळ्या असल्या तरी शब्द बहुतेक तेच असतात. पॅरा-जंपिंग, रॉक क्लाइंबिंग, गिर्यारोहण, राफ्टिंग, मोटार आणि घोड्यांच्या शर्यती, स्कूबा, स्काय डायव्हिंग अशी लांबलचक यादी त्यात आहे. यादी बघितली की माणूस हादरतो आणि 'आपल्याला काही मिळणार नाही' म्हणून पुस्तिका मिटतो. पण यादीच्या आधी अर्धी ओळ आहे. या खेळांत 'व्यावसायिक म्हणून' भाग घेतल्यामुळे जे उपचार करावे लागतात, ते वगळले आहेत. हौसेने उडणाऱ्याचे नाहीत. एवढी अर्धी ओळ मान्य करून घ्यायला माझे कित्येक महिने गेले, आणि त्याचा राग अजून उतरलेला नाही.

मी भोसरीतल्या एका कारखान्यात लेखा विभागात काम करते. कामशेतला पॅराग्लायडिंग शिकत होते. पावसाळा सरला की ऑक्टोबरपासून मेपर्यंत मावळात हंगाम असतो. ग्राउंड हँडलिंग, म्हणजे जमिनीवर उभं राहून ग्लायडर सांभाळणं, झालं, छोट्या उतारावरच्या उड्या झाल्या, टेकडीवरून उड्डाणंही झाली. सगळं नीट चाललं होतं. त्या संध्याकाळी उतरताना जमिनीपासून चार-पाच मीटरवर वारा एकदम पडला आणि ग्लायडर खाली बसला. भात कापून झालेलं खाचर होतं, त्याचा बांध जेमतेम वीतभर उंच, पण वाळून दगडासारखा झालेला. उजवा पाय नेमका त्याच्या कडेवर पडला आणि आत मुडपला. हाड मोडल्याचा आवाज मी स्वतः ऐकला.

आमच्या इन्स्ट्रक्टरने त्यानंतर जे केलं ते प्रत्येक शिकणाऱ्याला माहीत असावं. धावत येऊन त्याने आधी ग्लायडर धरला. वारा पुन्हा आला असता तर कॅनॉपी, म्हणजे ग्लायडरचं कापड, फुगली असती आणि तिने मला फरफटत नेलं असतं. शेतातली दोन मुलं मदतीला आली होती आणि काखेत हात घालून मला उभं करायच्या बेतात होती, त्यांना त्याने लांबूनच ओरडून थांबवलं. मग मला आडवंच ठेवून विचारलं: पाठीत दुखतंय का, मान दुखतेय का, दोन्ही पायांची बोटं हलतात का, कुठे बधिर वाटतंय का? उतरताना जोरात आदळलं तर घोट्याइतकाच धोका पाठीच्या मणक्याला असतो, विशेषतः छाती संपून कंबर सुरू होते तिथल्या. घोट्याच्या कळांपुढे ते दुखणं त्या वेळी जाणवतही नाही. हेल्मेट आणि हार्नेस तपासणी झाल्याशिवाय काढला नाही. बूट ओढून काढला नाही, नाड्या तेवढ्या सैल केल्या आणि दोन्ही बाजूंनी योगा मॅट लावून माझ्याच ओढणीने पाय बांधला. मी पाणी मागत होते, पण ऑपरेशन लागलं तर पोट रिकामं हवं म्हणून त्याने ओठ ओले करण्यापुरतंच दिलं. त्या मुलांपैकी एकाने तोवर १०८ ला फोन केला होता.

हॉस्पिटलबद्दल फार सांगण्यासारखं नाही. घोट्याची दोन्ही बाजूंची हाडं मोडली होती. सूज उतरेपर्यंत प्लास्टरची स्लॅब लावून पाय उंचावर ठेवला, कातडीवर सुरकुत्या दिसायला लागल्यावर ऑपरेशन केलं, प्लेट आणि स्क्रू बसवले. डॉक्टर उत्तम होते.

खरी अडचण तळमजल्यावरच्या विम्याच्या टेबलाशी सुरू झाली. तिथल्या मुलाने केस पेपर बघितला. त्यावर 'पॅराग्लायडिंग करताना पडल्याचा इतिहास' असं लिहिलं होतं. तो म्हणाला, "मॅडम, अ‍ॅडव्हेंचर स्पोर्ट्स कव्हर होत नाहीत. कॅशलेस रिजेक्टच होणार." म्हणजे कंपनी बिल थेट हॉस्पिटलला भरणार नाही. मग आवाज खाली आणून, अगदी आपुलकीने, "जिन्यावरून घसरून पडलात असं लिहून घेऊ का? डॉक्टरांशी बोलतो." माझे भाऊजी शेजारीच उभे होते, त्यांनाही ते पटलं होतं. मी साफ नाही म्हटलं. कोणालाही असा सल्ला मिळाला तर ऐकू नका. १०८ च्या नोंदीत, अपघाताच्या मेडिको-लीगल (हॉस्पिटल पोलिसांना कळवतं त्या) नोंदीत आणि पहिल्या तपासणीच्या कागदात खरं कारण लिहिलेलं असतं. कंपनी ते सगळे कागद मागवते. दोन कागद जुळले नाहीत की खोटी माहिती दिली म्हणून क्लेम कायमचा जातो, आणि मग कुठल्याही लोकपालापुढे तोंड उघडायला जागा उरत नाही. पुढे माझी बाजू टिकली ती पहिल्या कागदापासून शेवटच्या कागदापर्यंत एकच गोष्ट लिहिलेली होती म्हणून.

कॅशलेस नाकारलं गेलं. दोन लाखांच्या वरचं बिल घरातून भरलं आणि घरी आल्यावर परतफेडीचा क्लेम टाकला. पाय जमिनीला टेकवायची बंदी, वॉकरवर स्वयंपाकघरापर्यंत जायचं म्हणजे दिव्य, आणि अशात रोज एक ईमेल. आधी भरतीच्या काळातले सगळे केस पेपर मागितले. ते दिल्यावर पोलीस नोंदीची प्रत. ती दिल्यावर इन्स्ट्रक्टरचा परवाना. आणि मग आलं ते पत्र: 'आपण सदर खेळात व्यावसायिक नसल्याबाबत सक्षम प्राधिकाऱ्याचे प्रमाणपत्र सादर करावे.'

हा सक्षम प्राधिकारी कोण? मी कंपनीच्या ग्राहक सेवेला विचारलं. पहिली बाई म्हणाली, तहसीलदार. दुसऱ्या वेळी फोन उचलणाऱ्याने सांगितलं, तुमचा फ्लाइंग क्लब. तिसऱ्याने तक्रार नोंदवून घेतली, आणि संध्याकाळी 'आपल्या शंकेचे निरसन झाले आहे' असा संदेश पाठवून ती तक्रार बंदही केली. निरसन कोणाचं झालं होतं देव जाणे, माझं नव्हतं. तहसील कचेरीत भाऊजी जाऊन आले. तिथल्या कारकुनाने पत्र दोनदा वाचलं आणि असा दाखला आमच्याकडे नसतो म्हणून प्रामाणिकपणे सांगितलं. एखादी गोष्ट आपण करत नाही याचा दाखला देणारं ऑफिसच या राज्यात नाही, आणि तो कागद न दिल्याच्या कारणावरून माझा क्लेम 'अपूर्ण' म्हणून पडून होता. रात्री पाय ठणकायचा आणि डोक्यात तेच पत्र फिरत राहायचं.

शेवटी मी हिशेबनीस म्हणून विचार केला. व्यावसायिक म्हणजे ज्याला त्या कामाचे पैसे मिळतात तो. मग पैसा कोणाकडून कोणाकडे गेला ते दाखवायचं. मी पॅराग्लायडिंग स्कूलला फी भरल्याची पावती आणि बँकेतली नोंद काढली. फॉर्म १६, म्हणजे पगार आणि त्यावर कापलेल्या कराचा दाखला, काढला, त्यात उत्पन्न एकाच ठिकाणचं, कारखान्याचं. कारखान्याकडून पूर्णवेळ नोकरीचं पत्र घेतलं. माझी विद्यार्थ्याची लॉगबुक, म्हणजे उड्डाणांची नोंदवही, ज्यात प्रत्येक उड्डाणापुढे इन्स्ट्रक्टरची सही. आणि स्कूलचं पत्र: अपघाताच्या दिवशी मी प्रशिक्षणार्थी होते, देखरेखीखाली उडत होते. राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणानुसार आयोजकांना पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी लागते. आमच्या स्कूलने नोंदणी क्रमांक पत्रात घातला, त्याने त्या कागदाला वजन आलं. नवीन कुठे नाव घालणार असाल तर पैसे भरण्याआधी हा क्रमांक मागा. आणि फी कधीही रोख देऊ नका.

एवढं सगळं दिल्यावर कंपनीने क्लेम सरळ नाकारला. पत्रात एकच ओळ होती: कलम ०९ नुसार देय नाही. 'व्यावसायिक म्हणून' हे शब्द त्यांनी त्या पत्रात लिहिलेच नव्हते. कलम उद्धृत करायचं आणि त्यातली अट गाळायची, हे मी माझ्या नोकरीत केलं असतं तर त्याच दिवशी घरी बसवलं असतं.

तरी ते नकाराचं पत्र हातात येणं फार महत्त्वाचं ठरलं. क्लेम 'अपूर्ण' म्हणून लोंबकळत असला की पुढे काहीच हलत नाही. म्हणून मागितलेले कागद द्या, जो कागद अस्तित्वातच नाही तो का नाही ते लेखी कळवा, आणि निर्णय लेखी मागा. फोनवर काहीही ठरवू नका. मी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल केला, आयआरडीएआयच्या बिमा भरोसा या तक्रारींच्या पोर्टलवरही तक्रार टाकली. दोन्हीकडून तीच एक ओळ परत आली.

तिथून पुढे विमा लोकपाल, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारींवर निवाडा देणारे अधिकारी. पुण्याचं कार्यालय नारायण पेठेत न. चिं. केळकर रस्त्यावर आहे. हे इतक्या कमी लोकांना माहीत आहे याचं मला वाईट वाटतं. तक्रारीला एक रुपयाही फी नाही. वकील चालत नाही, स्वतःच बोलायचं. आधी कंपनीकडे लेखी तक्रार केलेली असावी लागते. तिने नाकारली, किंवा महिनाभर उत्तरच दिलं नाही, की इथे येता येतं, पण नकारानंतर वर्षाच्या आत. पन्नास लाखांपर्यंतची प्रकरणं चालतात. ग्राहक आयोगात आधीच केस टाकली असेल तर मात्र लोकपाल घेत नाहीत, त्यामुळे रागाच्या भरात तिकडे धाव घेऊ नका. लोकपालांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो, आपल्यावर नाही. तो पटला नाही तर ग्राहक आयोगाचा रस्ता आपल्यासाठी उघडा राहतो.

सुनावणीला मी काठी टेकत गेले. कंपनीच्या प्रतिनिधीने मांडलं की अर्जदाराकडे पॅराग्लायडिंगचं प्राथमिक प्रमाणपत्र आहे, म्हणजे त्या प्रशिक्षित आहेत, म्हणून व्यावसायिक. मी म्हटलं, माझ्याकडे गाडी चालवायचं लायसन्सही आहे, म्हणून मी ड्रायव्हरची नोकरी करते असं होत नाही. मग पावती, फॉर्म १६ आणि लॉगबुक एकेक करून टेबलावर ठेवली आणि कलमाची ती अर्धी ओळ मोठ्याने वाचली. लोकपालांनी मला विचारलं, "या उड्डाणाचे तुम्हाला कोणी पैसे दिले होते का?" मी म्हटलं, "नाही, मी दिले होते." मग त्यांनी प्रतिनिधीला विचारलं, याच्या विरुद्ध काही कागद आहे? नव्हता.

निवाडा माझ्या बाजूने लागला, रक्कम व्याजासकट मिळाली. हातमोजे, ड्रेसिंगचं किरकोळ सामान असल्या गोष्टींची कपात कायम राहिली, ती पॉलिसीत लिहिलेलीच होती. निवाड्याचं पत्र मी आमच्या लेखा विभागात सगळ्यांना वाचून दाखवलं, आणि ते वाचताना मला जो अभिमान वाटला तो टेकडीवरून पहिल्यांदा उडाले तेव्हाच्या अभिमानापेक्षा कमी नव्हता.

एक सांगायचं राहिलंच. हे सगळं आरोग्य विम्याचं. वैयक्तिक अपघात विमा आणि परदेश प्रवासाचा विमा यांची कलमं वेगळी असतात आणि तिथे हौशी माणसालाही बऱ्याचदा वगळलेलं असतं. थायलंड किंवा दुबईला स्काय डायव्हिंग करायचं ठरवून जाणाऱ्यांनी साहसी खेळांचं जादा कवच घेतल्याशिवाय विमानात बसू नये. नोकरीतला समूह विमा असेल तर त्याची मूळ पॉलिसी एचआरकडून मागून वाचा, त्यांनी पाठवलेल्या एका पानाच्या माहितीपत्रकावर जाऊ नका.

आणि ऑपरेशनच्या कागदांत प्लेट-स्क्रूचे स्टिकर चिकटवलेलं एक पान असतं, ते डिस्चार्जच्या वेळी मागून घ्या. क्लेमला ते लागतंच, शिवाय पुढे प्लेट काढायची वेळ आली तर कुठल्या मापाचे स्क्रू आहेत हे नव्या डॉक्टरला त्यावरूनच कळतं. माझ्या फाइलमध्ये ते पान सगळ्यात वर आहे, कारण माझी प्लेट येत्या पावसाळ्यात काढायची आहे आणि तो क्लेमही याच कंपनीकडे जाणार आहे.