बाळाची खोली

कापूस आणि लेकरू एका खोलीत राहू शकत नाही, हे बाबांना पटवता पटवता दिवाळीची संक्रांत झाली. बहीण पहिल्या बाळंतपणाला यायची होती. तिला द्यावी अशी पक्क्या भिंतींची खोली घरात एकच, आणि तिच्यात खिडकीच्या वरपर्यंत कापूस. 2022 मध्ये कापसानं क्विंटलला 10 हजार ओलांडले, तेव्हापासून बाबांचं कुठल्याच भावानं समाधान होत नाही. "भाव येऊ दे ना, मंग खाली करतो," म्हणायचे आणि सुपारी कातरत बसायचे. घरात भरलेल्या कापसानं अंगाला खाज सुटते. आम्ही सगळे हिवाळाभर खाजवत असतो, त्याचं कोणाला काही नाही. शेवटी आईच बोलली, "तुमच्या कापसाले नववा लागला काय? काढा आता बाहीर त्याले." दुसऱ्या दिवशी गाडी भरली.

खोली रिकामी झाली आणि ज्याला त्याला आपापली भीती आठवली.

बाबांची भीती मण्यारची. रात्रीचा फिरतो, चावला तर धड दुखतही नाही. त्यांनी उंदरांची सगळी बिळं सिमेंटनं बुजवली, बाज भिंतीपासून हातभर दूर घेतली आणि मच्छरदाणी गादीखाली कशी खोचायची याची शिकवणी घरादाराला दिली. आईला नजरेची आणि सटवीची भीती. तिनं दाराला कडुनिंबाचा टहाळा लावला, उशाखाली विळा ठेवला. विळ्यावरून माझं आणि तिचं वाजलं. मग तो बाजेखाली गेला, पात्याला चिंधी गुंडाळून. चिंधीला सटवीची हरकत नसावी.

आशाताई मात्र सटवीपेक्षा कडक. दवाखान्यातून घरी आलेल्या बाळाला बघायला ती तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी येणार, वजनकाटा आणि थर्मामीटर घेऊन. बहीण यायच्या आधीच ती खोली बघून गेली. उशी नको, बाळ पाठीवर झोपवा, नाळेला काही लावू नका, डोळ्यात काजळ नको. आई गप्प ऐकत होती. शेगडी दिसली तशी ताई म्हणाली, "काकू, लेकराले ऊब द्या, धूर नका देऊ." आईनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही ताईला मीच पढवून आणलं होतं. मी म्हटलं, गडचिरोलीत बंग डॉक्टरांनी गावातल्याच बायांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं, 39 गावांत, आणि लेकरं दगावायची थांबली. 1999 मध्ये ते पार लॅन्सेट या डॉक्टरी नियतकालिकात छापून आलं. "थांबली म्हणजे, कमी झाली," मीच दुरुस्ती केली. आई म्हणाली, "तू आन् तुही बहीण धुरीतच वाढले." यावर काय बोलणार?

वाढलो खरे. बहीण झाली तेव्हा घर मातीचं होतं. माजघराच्या खिडकीत पोतं कोंबलेलं, बाजेखाली शेगडी, निखाऱ्यावर ओवा आणि बाळंतशेपा. मला उंबऱ्यापर्यंतच परवानगी. आतून आधी धूर यायचा, मग आजीचा आवाज, आणि त्यानंतर कधीतरी बहिणीचं रडणं. पाचवीच्या रात्री पाट्याजवळ कोरा कागद आणि बाबांचं पेन ठेवलं होतं, सटवाई येऊन नशीब लिहिते म्हणून. आमचे गुरुजी म्हणायचे, पेनानं लिहिलं की चूक दुरुस्त होत नाही. म्हणून कोणाचं लक्ष नाही असं पाहून मी पेन उचललं आणि माझी पेन्सिल ठेवली. शेजारी खोडरबरही ठेवलं. सकाळी कागद कोराच. आजी म्हणाली, कागदावर नसते लिहत ती, कपाळावर लिहते. त्यानंतर कितीतरी दिवस मी बहिणीचं कपाळ उजेडात धरून पाहायचो. तिला हे आता सांगितलं की ती म्हणते, "तरीच. माही नोकरी कोणीतरी खोडून टाकली."

माझी स्वतःची भीती म्हणाल तर ती भीतीपेक्षा खूळच जास्त. झोपलेल्या माणसाच्या डोक्यावर काही टांगलेलं, ठेवलेलं मला बघवत नाही. फोटो नको, घड्याळ नको, पाटी तर नकोच. म्हणून मी बाजेवरच्या फळीचं सामान उतरवायला स्टुलावर चढलो. आजोबांचा फोटो काढला, लोणच्याची रिकामी बरणी काढली, पंपाचं तुटकं नोझल काढलं. मागं फवारणीच्या औषधाच्या बाटल्या होत्या. एक अर्धी, एक सीलबंद.

"पुढच्या हंगामाले कामी येतीन," बाबा खालून म्हणाले.

2017 साली आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करता करता विष अंगात भिनून 20 हून जास्त माणसं गेली. त्यानंतर मास्क आले, हातमोजे आले, काही दिवस लोकांनी ते घातलेही. बाटल्या मात्र जिथल्या तिथं, फळीवर, धान्याच्या कोठीमागं, देवळीत. मी त्या गोठ्यातल्या लोखंडी पेटीत टाकल्या आणि कुलूप लावलं.

"लेकरू रांगाले अजून सात-आठ महिने हायत," बाबा हसले. "आतापासून कुलूप काहून?"

आमच्या भागात ही बाटली दरवेळी फवारणीसाठीच उघडली जाते असं नाही. हे त्यांनाही माहीत आहे. किल्ली मी त्यांना दिली नाही, आणि त्यांनीही परत मागितली नाही.