सेनिओ नदीच्या काठी: दादांच्या पलटणीच्या मागावर इटलीत

आमचे वडील, दादा, पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या बटालियनमध्ये, म्हणजे जंगी पलटणीत, शिपाई होते आणि आठव्या भारतीय डिव्हिजनबरोबर इटलीत लढले. खटाव तालुक्यातल्या आमच्या वाडीवर त्यांची मनिऑर्डर येई आणि तिच्यावर आजीने आत्यांची लग्ने केली, एवढे घरात सर्वांना ठाऊक होते. लढाईविषयी मात्र ते क्वचितच बोलत. ओढ्याला पाणी आले की ते काठावर थांबून बराच वेळ पाण्याकडे पाहत आणि स्वतः उतार शोधल्याशिवाय आम्हा भावंडांना पाऊल टाकू देत नसत. ही सवय कोठून आली असावी, ते मला सेनिओच्या बांधावर उभे राहिल्यावर समजले.

ही नदी रुंदीने लहान आहे, पण तिच्या दोन्ही काठांना पुरासाठी घातलेले मातीचे उंच बांध आहेत आणि जर्मन सैन्याने त्या बांधांतच खंदक व मशीनगनची ठाणी खोदली होती. ९ एप्रिल १९४५ रोजी हल्ला झाला, तेव्हा याच पलटणीचे शिपाई नामदेव जाधव यांनी जखमी सहकाऱ्यांना खोल पाण्यातून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून बाहेर काढले, मग परत जाऊन मशीनगनची तीन ठाणी निकामी केली. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिश काळातला सर्वोच्च शौर्यसन्मान, मिळाला. त्याच दिवशी, त्याच नदीवर, त्याच डिव्हिजनमधील अली हैदर यांनाही तो मिळाला.

जाऊ इच्छिणाऱ्यांनी प्रथम घरातले डिस्चार्ज बुक, म्हणजे सैन्यातून सुटताना मिळालेले नोंदपुस्तक, शोधावे, कारण बटालियन आणि सैनिक क्रमांक कळल्याशिवाय कोणत्या नदीवर जायचे हेच ठरत नाही. मुक्काम राव्हेन्ना येथे ठेवणे सोयीचे. तेथून रेल्वेने आल्फोन्सिने गाठता येते. या गावात सेनिओच्या लढाईचे संग्रहालय आहे, मात्र गाव लहान असल्यामुळे उघडण्याच्या वेळा आधी विचारून घ्याव्यात. बांधावरून चालताना सावली मिळत नाही, म्हणून एप्रिल उत्तम. परंतु २५ एप्रिल हा त्यांचा मुक्तिदिन असल्याने त्या दिवशीच्या बसवर विसंबू नये.

मोंतोने हे डोंगरावरचे गाव उंब्रियात, पेरुजाच्या बाजूला आहे. त्यासाठी वेगळा मुक्काम हवा. माणगाव तालुक्यातील नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी तिबेर नदीच्या वरच्या खोऱ्यात, तुकडीतले सारे सहकारी पडल्यावर, एकट्याने मशीनगनवर चालून गेले आणि तेथेच धारातीर्थी पडले. २०२३ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ मोंतोनेत सूर्यघडी उभारली गेली. वृद्ध मंडळींनी चढाचा विचार करून गाडी करावी.

फोर्ली येथे युद्धस्मशाने दोन आहेत, म्हणून टॅक्सीवाल्याला ‘इंडियन आर्मी’ असे स्पष्ट सांगावे. तेथे केवळ थडग्यांच्या शिळा पाहून परतू नये. ज्या हिंदू आणि शीख सैनिकांचे दहन झाले त्यांची नावे वेगळ्या दहनस्मारकावर कोरलेली आहेत, आणि आपली बहुतेक मराठी नावे तेथेच सापडतात. इंग्रजी नोंदीत नावांची अक्षरे बदललेली असतात, तेव्हा वडिलांचे नाव व गाव नोंदीशी ताडून पाहावे. आपल्या पंचक्रोशीतले नाव दिसले तर त्या ओळीचे स्वच्छ छायाचित्र घेऊन ते त्या घरी पोचवावे. आमच्या शेजारच्या गावातील एका कुटुंबाला आजोबांचे नाव कोठे कोरले आहे, हे मी छायाचित्र नेऊन देईपर्यंत माहीत नव्हते.